तप कोणाचे आणि ताप कोणाला?

दिवे घाटाचे नाव काढले की वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. माउलींचा रथ, चढणीसाठी त्याला जोडलेल्या जादा बैलजोड्या, वळणावळणाने वर सरकणाऱ्या पताका आणि हजारो टाळांचा एकच नाद. हे चित्र आता दिनदर्शिकांवर छापले जाते, आणि ज्यांनी जन्मात वारी केली नाही त्यांच्याही भिंतीवर लागते. चित्रात एक गोष्ट मात्र उतरत नाही, ती म्हणजे ऊन. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचे प्रस्थान होते, पालखी पुण्यात येते, दशमीला पुण्यातच राहते आणि एकादशीला सासवडची वाट धरते. तिथीच्या वृद्धिक्षयाने क्वचित मागेपुढे होते, पण बहुधा क्रम हाच. म्हणजे बत्तीसेक किलोमीटरांची लांबच लांब मजल, तीत घाट, आणि त्याच दिवशी उपवास! मृग बरसून गेला असेल तर हा दिवस आनंदाचा. नसेल तर तो कसा जातो, हे चालणाऱ्यालाच विचारावे.

सन २०२३ मध्ये ही एकादशी १४ जूनला आली. त्या वर्षी पाऊस लांबला होता. केरळातच तो ८ जूनला उतरला आणि मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. आमच्या दिंडीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. डोक्यावर तुळशीवृंदावन, पायांत झिजलेल्या चपला, मुखात नाम. पुणे सोडल्यापासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्यांच्या शेजारूनच हंडेवाली चालत होती, पाणी हाताच्या अंतरावर होते. हडपसरला लोकांनी पाणी पुढे केले, आजींनी मान हलवली. वडकीच्या विसाव्यावर आम्ही हे पाहिले आणि आमच्यातला कीर्तनकार जागा झाला. बसलेल्या तरुण पोरांना आम्ही म्हणालो, "पाहा रे, याला म्हणतात निष्ठा! तुम्ही घटकाघटकेला बाटल्या तोंडाला लावता. ही माउली निर्जळी एकादशी करून घाट चढणार आहे." पोरांनी माना खाली घातल्या. दोघांनी आजींच्या पायांवर डोके ठेवले. आजी काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

घाटाच्या पहिल्या वळणाच्या आतच त्यांचे पाय लटपटू लागले. त्या काहीतरी असंबद्ध बोलू लागल्या, सुनेला भलत्याच नावाने हाका मारू लागल्या. अंग तापलेल्या तव्यासारखे झाले होते आणि घाम जवळजवळ थांबला होता. आमच्यातलाच एक जण म्हणाला, "भाव दाटलाय, हात लावू नका." खरे सांगायचे तर क्षणभर आम्हांलाही तसेच वाटले. तेवढ्यात मागच्या दिंडीतली एक मुलगी पुढे आली. ती कुठल्याशा दवाखान्यात परिचारिका होती. आमच्याकडे न पाहताच ती ओरडली, "बाजूला सरा! हा उष्माघात आहे!" तिने आजींना सामानाच्या ट्रकच्या सावलीत नेले, धोतरे भिजवून अंगावर टाकली, मानेवर आणि काखेत गार पाणी ओतले, चौघांना वारा घालायला लावले आणि १०८ क्रमांकावर गाडी मागवली. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते, हेही तिनेच बजावले. कोणी तापाची गोळी काढून दिली होती, तीही तिने परत केली. उन्हाने चढलेला ताप तसल्या गोळीने उतरत नाही.

आजी वाचल्या. पंढरी मात्र त्या वर्षी त्यांना दिसली नाही. वारीनंतर आम्ही त्यांच्या गावी जाऊन त्यांना भेटलो. आमच्या मनात अजून तोच अभिमान होता. आम्ही म्हणालो, "आजी, तुमचं व्रत थोर. पण वयाचा विचार करून पुढच्या वर्षी निर्जळी करू नका." त्यावर आजींनी आमच्याकडे जरा चमकून पाहिले.

"निर्जळी मी कवा केली, महाराज? माझी एकादशी फराळ-पाण्याचीच असती. पाणी पिलं की जावं लागतंय. त्या रस्त्याला दोन्ही अंगानं माणसंच माणसं. बाईमाणसानं जावं कुठं? म्हणून सकाळधरनं घोटभर बी घेतलं नाही. तुम्ही समद्यांम्होरं बोललात, मग मी कसं सांगू?"

हे शब्द ऐकल्यापासून आम्हांला एका प्रश्नाने ग्रासले आहे, आणि तोच आज वाचकांपुढे ठेवायचा आहे. ज्याला आपण तप म्हणून नमस्कार करतो, ते खरोखर किती वेळा तप असते? आणि किती वेळा तो दुसऱ्याचा नुसता ताप असतो, ज्याला आपण आपल्या सोयीसाठी तपाचे नाव दिलेले असते?

कोणी म्हणेल, शीतोष्ण सहन करावे असे भगवंतांनीच दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. थंडीऊन येते आणि जाते, ते सोसावे. बरोबर आहे. पण हे सांगितले कोणाला? अर्जुनाला. तो धडधाकट क्षत्रिय, रथात बसलेला, आणि त्याला ते सांगितले ते त्याच्या स्वतःच्या दुःखाविषयी. तितिक्षा हा शब्द माणसाने आरशापुढे उभे राहून स्वतःला म्हणायचा आहे. तोच शब्द खिडकीतून रस्त्यावरच्या माणसाला उद्देशून उच्चारला की त्याचा अर्थ उलटा होतो. त्याच गीतेच्या सतराव्या अध्यायात, दंभाने आणि अहंकाराने घोर तपे करून शरीराला आणि शरीरात वसणाऱ्या परमात्म्याला पीडा देणाऱ्यांना भगवंतांनी आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. हा भाग आपण कीर्तनात क्वचितच घेतो. घ्यायला हवा. आणि शास्त्राचेच म्हणाल तर व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी जुन्या वचनात मोजून दिल्या आहेत. त्यांत पहिले नाव पाण्याचे आहे आणि शेवटचे औषधाचे.

पण आपल्या संप्रदायाला शास्त्राच्या दाराशी जायची तरी काय गरज? उन्हाच्या दोन गोष्टी नाथांच्या चरित्रात आहेत आणि त्या लहान पोरालाही पाठ आहेत. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही एक. दुसरी पैठणची. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत अस्पृश्य मानलेल्या जातीतले एक लेकरू चुकून रडत होते. स्नानाला निघालेल्या नाथांनी ते उचलून कडेवर घेतले, त्याचे नाक-तोंड पुसले आणि त्याला त्याच्या घरी पोचवले. या गोष्टींचा अर्थ आपण भूतदया आणि समता असा सांगतो, आणि तो आहेच. पण आम्ही आता त्या पुन्हा वाचल्या तेव्हा एक वेगळीच गोष्ट दिसली. चटका कोणाला बसतो आहे, हे नाथांनी आधी पाहिले. पोरगे अनवाणी होते म्हणून त्यांनी त्याला सहनशीलता शिकवली नाही. गाढव तहानले म्हणून त्याचे प्रारब्ध काढले नाही. सोडायचे ते त्यांनी स्वतःचे सोडले, एकदा सोवळे आणि एकदा कावडीचा संकल्प. दुसऱ्याच्या उन्हात त्यांनी स्वतःचे पुण्य शोधले नाही. वडकीच्या विसाव्यावर आम्ही नेमके तेच केले होते.

मग तप ओळखायचे कसे? आम्हांला एवढेच सुचते की ज्याला सावलीत जायची मोकळीक आहे आणि तरी जो उन्हात उभा राहतो, त्याच्यापुरते त्याला तप म्हणता येईल. ज्याला ती मोकळीकच नाही, त्याला तो निव्वळ ताप. पण इथे आणखी एक अडचण आहे आणि ती आम्हांला त्या परिचारिकेने समजावून दिली. आपल्या देहाचे उष्णतामान ३७ अंशांच्या आसपास राहिले तरच आतले कारभार नीट चालतात. बाहेर तापले की हृदय जोराने रक्त कातडीकडे लोटते, घाम येतो, घाम वाळताना अंग निवते. हवा दमट असली तर घाम वाळत नाही, आणि प्यायलेले पाणीच नसले तर घाम येणार कशाचा? आतले उष्णतामान ४० अंशांच्या वर गेले की मेंदूचे काम बिघडते. म्हणजे माणूस आधी विवेक हरवतो आणि मग देह. ज्या बुद्धीने "मला सोसवते आहे की नाही" हे ठरवायचे, तीच उन्हाने पहिल्यांदा नेलेली असते. म्हणून उन्हातले व्रत हे एकट्याच्या निर्धाराचे काम नव्हे. तिथे सोबत्याचा डोळा लागतो.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट तर अधिकच नाजूक. वयाबरोबर तहानेची जाणीवच बोथट होते. "लागली की पिईन" म्हणून ते बसून राहतात आणि ती लागतच नाही. रक्तदाबासाठी जास्त लघवी होणाऱ्या गोळ्या पुष्कळांना चालू असतात, त्यांनी अंगातले पाणी आणखी उतरते. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांचे तेच. आपल्या दिंड्यांत अशी माणसे किती असतात ते पाहा. निम्म्यांच्या पिशवीत गाथेशेजारी गोळ्यांची पुडी असते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. वारीआधी डॉक्टरांना "मी इतके दिवस उन्हात चालणार आहे, आता कसे करू?" एवढे विचारून यावे, की झाले. तान्ह्या पोरांना आणि गरोदर बायकांनाही ऊन लवकर बाधते. पोर तर बोलूनही दाखवू शकत नाही.

घाटातल्या त्या दिवसाच्या दोनच महिने आधी, १६ एप्रिल २०२३ रोजी, नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला होता. लाखो श्रद्धाळू उघड्यावर तासन् तास बसले होते. उन्हाने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी परिसरातल्या केंद्रावर नोंदलेले उष्णतामान सुमारे ३८ अंश होते. आकडा ऐकून पुष्कळांना वाटले, आमच्या विदर्भात ४५ असते, हे काय! पण वेधशाळेचा पारा सावलीत ठेवलेला असतो. समुद्राकाठची दमट हवा, डोक्यावर ऊन, खाली तापलेली जमीन आणि गर्दीत हलता न येणे, हे त्या आकड्यात दिसत नाही. पुढे सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर सरकारी कार्यक्रम घेऊ नयेत असे जाहीर केले. आम्हांला त्या प्रसंगाच्या राजकारणात शिरायचे नाही. आम्हांला बोचते ते निराळेच. त्या लोकांना कोणी बांधून ठेवले नव्हते. ते प्रेमाने आले होते आणि प्रेमामुळेच उठले नाहीत. श्रद्धाळू माणूस उठत नाही, हा त्याचा गुण आहे. पण ज्यांनी त्याला बसवले त्यांच्यावर या गुणाने केवढे ओझे येते! बाजारातला माणूस ऊन लागले की आपण होऊन निघून जातो. सत्संगातला जात नाही. त्याचा उठण्याचा विचार त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी करायला हवा.

आपल्याकडेच असे घडते असे नाही. जून २०२४ मध्ये मक्केच्या हज यात्रेत १,३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. तिथे पारा ५० अंशांच्या वर गेला होता. सौदी सरकारने पुढे सांगितले की मृतांपैकी ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते. परवानेवाल्यांना थंड हवेचे तंबू आणि वाहने होती. हे लोक उन्हातून लांबलांब पायी चालले, विसाव्याला निवारा नाही. यात्रा एक, देव एक, ऊनही एकच. पण ज्याच्या गाठीला पैसा आणि कागद होता त्याला सावली मिळाली. आपल्या वारीतही वातानुकूलित मोटारीतून मुक्काम गाठणारे आहेत आणि पोत्यावर निजणारे आहेत. दोघेही माउलीच, पण उन्हाला ते कळत नाही हो.

"वारीत देह पडला तर भाग्यच," असे आपली म्हातारी माणसे म्हणतात. हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे, आणि म्हणणाऱ्याच्या तोंडी ते आम्हांला पूज्य वाटते. परंतु दिंडीचालक ते म्हणू लागला तर? सप्ताहाची कमिटी ते म्हणू लागली तर? स्वतःच्या मरणाविषयी निर्भय असणे हे भक्ताचे लक्षण आहे; दुसऱ्याच्या मरणाविषयी निर्भय असण्याला काय म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे. प्रारब्धाचेही तसेच. मे २०१० मध्ये अहमदाबाद शहरात कडक ऊन पडले, आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक माणसे जास्त मेली असे मागाहून केलेल्या अभ्यासात आढळले. २०१३ पासून तिथल्या महापालिकेने योजना आखली. ऊन वाढणार हे आधी कळवायचे, दवाखान्यांतल्या लोकांना शिकवून तयार ठेवायचे, वस्त्यांत पाण्याची सोय करायची, अशी साधीच कामे. त्यानंतर उन्हाने होणारे मृत्यू कमी झाल्याचे अभ्यासकांनी दाखवले. पाणपोई आणि पूर्वसूचना यांनी जे टळते त्याला प्रारब्ध म्हणायचे की आळस?

उन्हाबरोबर दुसरीही एक गोष्ट आहे, ती आपण मोजतच नाही. हवा. पुण्याहून घाटाकडे जाताना उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे शिवार लागते. पुणे शहराचा कचरा कित्येक वर्षे तिथे येऊन पडला. त्याला आगी लागत, धूर पसरे, विहिरींचे पाणी नासले, आणि गावकऱ्यांनी पुन्हापुन्हा आंदोलने केली. आपण वर्षातून एक दिवस तिथून जातो, नाकाला उपरणे लावतो आणि पुढे निघतो. तिथले लोक तेच उपरणे वर्षभर कसे धरतील? आणि गंमत पाहा, आपल्याला पाणी आणि केळी द्यायला रस्त्याच्या कडेला तेच लोक उभे असतात.

धुरातले जे कण अडीच मायक्रॉनहून बारीक असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे, ते नाकात अडकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात. म्हणून धुराने नुसता खोकला येतो असे नाही, हृदयविकार आणि पक्षाघातही ओढवतो. घरातला आणि बाहेरचा धूर मिळून जगात दरसाल सुमारे ७० लाख माणसे अकाली मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कडक उन्हात वाहनांच्या धुरापासून जमिनीलगत ओझोन वायूही तयार होतो, तो दमेकऱ्यांच्या छातीला लागतो. ऊन आणि धूर एकत्र आले की प्रत्येकाचा घाव दुसऱ्यामुळे अधिक खोल जातो. आता टाळकऱ्याचा विचार करा. तो चालतो, नाचतो, उंच स्वरात गातो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा तो आत ओढतो, तीही तोंडाने. आणि त्याच्या पुढेमागे कोण असते? दिंडीचे सामान वाहणारे ट्रक, इंजिन चालू ठेवून घरघरत उभे! पालखी गेल्यावर मागे उरलेल्या पत्रावळी, प्लॅस्टिकचे पेले, थर्माकोलच्या ताटल्या एका ठिगळात गोळा करून पेटवून देतात. तो धूर आपण पाहत नाही, कारण आपण पुढच्या मुक्कामाला पोचलेलो असतो. गावातले म्हातारे आणि पाळण्यातली पोरे तो घेतात.

सप्ताहातही हेच. आमच्या भागात चैत्र-वैशाखात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. काल्याचे कीर्तन दहा ते बारा, आणि मग भर दुपारी हजार माणसांची पंगत. पत्र्याच्या मांडवाखाली निदान छाया तरी असते. मांडवामागे चुलाणावर पुऱ्या तळणाऱ्या बायांना ऊन, जाळ आणि धूर तिन्ही एकदम मिळतात. शेवटची पंगत उठेपर्यंत त्या तिथेच असतात. कीर्तनात आम्ही अन्नदात्यांची नावे घेतो, पखवाजवादकाला नारळ देतो. चुलाणाजवळच्या बाईचे नाव आम्ही इतक्या वर्षांत एकदाही घेतलेले नाही. काल्याचे कीर्तन सकाळी सातला ठेवले तर कृष्णाच्या गोपाळकाल्यात काही उणे पडेल असे आम्हांला वाटत नाही. गोपाळ गाई घेऊन निघत ते सकाळीच.

पालखीचे मार्ग आता रुंद होत आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही पालखी महामार्गांच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन झाले. चालायला जागा झाली, अपघात टळतील, हे चांगलेच. पण रुंदीकरणात कडेची जुनी झाडे गेली, आणि नवी लावली त्यांची सावली पडायला आमची पिढी पुरायची नाही. त्या कामावर आम्ही एक दृश्य पाहिले. वैशाखातली दुपार, उकळत्या डांबराचा तो उग्र धूर, पायांना चिंध्या बांधून खडी टाकणाऱ्या बाया. आणि रस्त्याकडेच्या उरल्यासुरल्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली, तीत एक तान्हे पोर. सावली सरकली होती. पोर उन्हात आले होते आणि रडत होते. आई मुकादमाकडे पाहत होती. आमची जीप थांबली नाही. आम्हांला सासवडला कीर्तनाला वेळेवर पोचायचे होते, आणि चरित्र नाथांचे होते.

असो. दिंडीत आम्ही काय बदलले ते थोडक्यात सांगतो, कारण ते फार नाही. एकादशीला साठीच्या पुढच्यांनी आणि गोळ्या चालू असलेल्यांनी पाणी आणि जलसंजीवनी घ्यायची, न विचारता घ्यायची, असे ठरले. प्रत्येक म्हाताऱ्या माणसामागे एक तरुण, त्याने तासातासाला बोलून पाहायचे. उत्तर वेडेवाकडे आले की थांबायचे. ट्रक उभा राहिला की इंजिन बंद. कचरा पेटवायचा नाही. याला विरोध झाला तो अनपेक्षित जागेवरून. आमचे वृद्ध विणेकरी म्हणाले, "उद्या मलाही बसवाल. चाळीस वर्षं वीणा गळ्यात आहे, खाली ठेवलेली नाही." त्यांना आमच्यातल्याच एका पोराने विचारले, "बाबा, सप्ताहात पहाऱ्याला वीणा बदलते तेव्हा ती खाली ठेवतात का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. वीणा खाली ठेवत नाहीत, गळ्यातून गळ्यात देतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पुढच्या वर्षी घाटाच्या पायथ्याशी त्यांनी ती आपण होऊन दिली. माथ्यावर परत मागून घेतली.

राहिला आडोशाचा प्रश्न. मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी राहतात, पण चालत्या वाटेवर मैलोगणती काही नसते. आम्ही चार बांबू, ताडपत्री आणि खड्ड्यासाठी एक फावडे ट्रकवर घेतले. दर विसाव्याला वाटेपासून थोडे आत ते उभे करायचे आणि निघताना माती लोटून मोडायचे. पताका धरायला आमच्याकडे नेहमी दहा जण भांडतात. हे बांबू उचलायला पहिल्या दिवशी कोणी पुढे येईना. शेवटी आम्ही आणि आजींच्या नातवाने ते उचलले. तिसऱ्या दिवसापासून पोरे येऊ लागली.

आजी स्वतः त्या वर्षी चालल्या नाहीत. सुनेबरोबर एसटीने वाखरीला आल्या आणि आमच्या राहुटीत उतरल्या. आल्या आल्या त्यांनी विचारले, "ते तुमचं बांबूचं कुठंय?" सुनेने दाखवले. आजी तिकडे गेल्या, चारी बाजूंनी ताडपत्री ओढून पाहिली, आत जाऊन आल्या. मग राहुटीच्या दाराशी बसल्या आणि हंडेवालीला म्हणाल्या, "आण गं बाई, आता दे पाणी." तांब्या त्यांनी एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.